आधी गोड

स्वयंपाकघरात जायला सकाळपासून बंदी होती. ती आईनेच घातलेली, आदल्या संध्याकाळी, सगळ्यांच्या तोंडावर.

"उद्याचा केक मी करणार. एकटी. कुणी मध्ये लुडबुडायचं नाही," चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली होती. "नीट झाला तर मला ह्या घरातून हलवायची भाषा पुन्हा काढायची नाही. बिघडला तर मुकाट्याने बॅग भरते आणि ताई नेईल तिथे जाते. आहे कबूल?"

धाकटा मुलगा लगेच "कबूल!" म्हणून मोकळा झाला. जो केक आईने जन्मभर गप्पा मारता मारता केला, तो आता काय बिघडणार? त्याच्या बायकोने कप गोळा केले. ताईने नुसती मान हलवली. गॅसचा तो प्रकार झाल्यापासून ती सांगून सांगून थकली होती. आईने शेगडी चालू केली, पेटवायची विसरली आणि गॅलरीत जाऊन बसली. वास आला म्हणून शेजारी धावले. आणि हे कुठे, तर ज्या घरातला कर्ता माणूस आयुष्यभर अग्निशामक दलात लोकांच्या आगी विझवत होता, त्या घरात. ताई ज्या वृद्धनिवासात नर्स होती तिथली एक उजेडाची खोली रिकामी झाली होती. ती हवी की नको, हे आज सांगायचं होतं.

ताईने बटाटे सोलायला घेतले ते बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या खुर्चीत. बंदी आत जायला होती, बघायला नव्हती.

आईची पाठ दिसत होती. तिने लोणी फेसलं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून, वास घेऊन मगच पातेल्यात सोडलं. मैदा चाळला. झाकून ठेवलेलं दूध ओतलं, संत्र्याची साल किसून टाकली. हात कुठे अडखळले नाहीत, आणि ताईला आपण उगाच घाई केली की काय असं वाटायला लागलं. मग तिची नजर टेबलावर गेली.

ह्या घरात केकची एक पद्धत होती. वापरलेली वस्तू टेबलावरच राहायची. केक ओव्हनमध्ये गेल्याशिवाय काही जागेवर जायचं नाही. म्हणजे काय घातलं आणि काय राहिलं ते एका नजरेत कळतं. टेबलावर चहाचं नेहमीचं सामान होतं, लोण्याचा कागद होता, अंड्यांची टरफलं होती, चाळणी, किसणी, सगळं होतं. साखरेची बरणी मात्र वरच्या फळीवर होती, सुनेने काल उचलून ठेवली होती तशीच.

"झालं पीठ," आई पातेल्यावर ताट झाकत म्हणाली. "ओव्हन तापतोय तोवर मी अंघोळ करून येते. बघतेस काय अशी? बटाटे सोल."

"सोलतेय की."

न्हाणीघराचं दार लागलं. पाण्याचा आवाज सुरू झाला. ताईच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

हेच तर ती इतके दिवस घसा फोडून सांगत होती. आई एकटी राहू शकत नाही. धाकटा म्हणायचा, "तुला जिथे तिथे पेशंट दिसतात." आता समोर पुरावा होता, काही न करता नुसतं बसून राहायचं होतं. दुपारी सगळ्यांनी बिनसाखरेचा केक खाल्ला असता आणि विषय संपला असता. ताईने कामावर कधी तापाचा आकडा पदरचा लिहिला नव्हता. आज मात्र ती उठली, आत गेली, बरणी काढली आणि वाटीभर साखर पिठात घालून घाईघाईने ढवळली. बरणी पुसून जागच्या जागी ठेवली. कामावरची सवयच तशी.

चाखून बघावं हे तिला सुचलं नाही. कच्चं पीठ चाटायचं नाही, हा आईचा कायदा होता. जो चाटेल त्याला कडेचा तुकडा मिळत नसे. आणि कडेच्या तुकड्यासाठी ह्या घरातली माणसं काहीही सहन करत.

ताई परत येऊन खुर्चीत बसली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता.

*

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी, आणि सुट्टीच्या दिवशीही इमारतीतली लिफ्ट त्याला सोडत नसे. तो खालून आला तो कोपरापर्यंत काळा होऊन.

"कुठे हात धुऊ? न्हाणीत आई आहे."

"आत जाऊ नकोस," ताई म्हणाली.

"असाच जेवायला बसू का? हात धुतो आणि येतो. आईचा केक खाणार नाही मी, घाबरू नकोस."

नळाखाली हात चोळता चोळता त्याने टेबलाकडे बघितलं. लहानपणी टेबलावरच्या वस्तू मोजणं हा त्याचा खेळ होता. लोणी, अंडी, मैदा, दूध, संत्रं... त्याने पुन्हा मोजलं. मग मान वर करून बघितलं. साखरेची बरणी फळीवरच होती.

"कबूल" कुणी म्हटलं होतं? आपणच. छाती पुढे काढून. आता ताई काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि तिचं ते बघणं उरलेला जन्म पुरेल. पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की आई ह्या घरात नाही, दाराला कुलूप आहे, हे त्याला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हतं. त्याने बाहेर कानोसा घेतला. ताई बटाट्यांवर राग काढत होती. त्याने ओल्या हातानेच वाटी भरली, पिठात उपडी केली, चार वेळा ढवळलं आणि बरणी मूळ जागी सरकवली. पुरावा नको.

"झाले का हात?" ताईने विचारलं.

"झाले," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता गॅलरीत निघून गेला.

*

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकान संपलं की रोज संध्याकाळी ती घरी जायच्या आधी इथे यायची. नवरा रविवारी यायचा, आईच्या हातचं खायचा, "आई अजून ठणठणीत आहे" म्हणायचा आणि जायचा. कपाटातल्या चादरींखाली ठेवलेलं नासकं दूध त्याने बघितलं नव्हतं. तेच ते प्रश्न त्याने एका संध्याकाळी पाच पाच वेळा ऐकले नव्हते. सगळ्यांसमोर ती नवऱ्याच्या बाजूने होती, कारण बायकोने नवऱ्याच्या बाजूने असावं असं तिला वाटायचं. मनात मात्र ती केव्हाच ताईच्या बाजूला जाऊन बसली होती, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आजचं तर तिने गिळूनच टाकलं होतं. ह्या सुट्टीत सगळी इथेच राहायला आलेली, आणि पहाटे पाणी प्यायला ती उठली. शेगडी बारीक चालू होती. वर काही नव्हतं. दुधाचं एक रिकामं पातेलं बाजूला पडलं होतं, बुडाला चिकट. तिला वाटलं, सासूबाईंनी चहा केला असेल. तिने गॅस बंद केला, पातेलं घासलं आणि परत जाऊन पडली. सांगायचं तरी कुणाला? नवऱ्याला सांगावं तर "तू पण?" म्हणणार. ताईंना सांगावं तर केक व्हायच्या आधीच निकाल.

ती खालच्या बेकरीतून पाव घेऊन आली तेव्हा न्हाणीतलं पाणी थांबलं होतं. पाव ठेवायला ती आत गेली, आणि तिलाही तेच दिसलं. सगळं टेबलावर, साखर फळीवर.

तिने बरणी खाली घेतली. हात तिथेच थांबला.

काही करायचं नाही. नुसतं बाहेर जायचं. कुणी बोट दाखवणार नाही, कुणाशी भांडण नाही. उद्यापासून दुकान सुटलं की सरळ आपल्या घरी. पायातली चप्पल काढून, पाय वर घेऊन, कुणाच्या शेगडीची काळजी न करता बसायचं. तिला इतकं रडू आलं की तिने चष्मा काढून पाव गुंडाळलेल्या कागदावर ठेवला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने नकळत चमचा चाटला होता, आणि सासूबाईंनी खरोखरच तिला कडेचा तुकडा दिला नव्हता. तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मग एका वर्षी तिची आई गेली. माहेराहून ती परत आली त्या दिवशी सुट्टी नव्हती, काही नव्हतं, भर कामाचा दिवस होता. टेबलावर केक होता. सासूबाई सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी केकच्या चारी कडा कापल्या आणि चारी तिच्या ताटात ठेवल्या.

सुनेने वाटी भरली. शीग लावून भरली.

*

आई केस विंचरून, चांगला पोशाख घालून आली. केक ओव्हनमध्ये घालायचा तो तयार होऊनच. मुलांचे बाबा असताना अग्निशामक दलाचा भोंगा कधी वाजेल आणि ते कधी उठून जातील ह्याचा नेम नसायचा, म्हणून सणासुदीचं काहीच ती शेवटापर्यंत ठेवत नसे. अंघोळ आधी, पोशाख आधी. जेवणातही गोड आधी. "भोंगा व्हायच्या आत खाऊन घ्या," असं ते म्हणायचे आणि केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबायचे. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ह्या घरात केक खाल्ल्याशिवाय कुणी सुपाला चमचा लावत नसे.

तिने ताट काढलं आणि पीठ एकदा ढवळलं. चमच्याखाली कचकच झाली.

तिने हात थांबवला. पुन्हा ढवळलं. पुन्हा कचकच. तिच्या पिठात अशी कचकच कधी नसायची. पीठही सैल वाटत होतं, चमच्यावरून भराभर ओघळत होतं. काय केलं मी? तिने पहाट आठवून बघितली. काळोखी खिडकी आठवली. शेगडीची निळी ज्योत आठवली. ज्योतीवर काहीतरी होतं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं; कितीही जोर लावला तरी काही येईना. तिने टेबलावर नजर फिरवली आणि तिथूनही तिला उत्तर मिळालं नाही.

बाहेर तिघं बसली होती. "अगं, मी आज सकाळी काय केलं?" एवढंच विचारायचं होतं. पण ते विचारलं की सगळं तिथेच संपलं असतं. तिने सोडा घातला, डब्यात पीठ ओतलं, डबा ओव्हनमध्ये सरकवला, आणि दाराच्या काचेसमोर स्टूल ओढून बसून राहिली.

*

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सिनेमाच्या थिएटरात तिकिटं फाडून फाडून तिचा आवाज असा झाला होता की ती जिन्यात असतानाच घरात ऐकू यायची.

"लिफ्टवाल्या! घरात लिफ्टवाला असून मला तीन जिने चढायला लावतोस?"

"पार्ट नाहीये मावशी. सुट्टीत दुकानं बंद."

"तुझी जीभ तेवढी चालू. आणि ही चष्मेवाली का रडलीय?"

"कांदा कापला," सून म्हणाली.

"कांदा कुठे दिसत नाही मला. आणि करपल्याचा वास कसला येतोय?"

भाजलेली कोंबडी टेबलावर आली, लोण्यातले बटाटे आले, पाव आला, सुनेने घरी भाजून आणलेल्या बिस्किटांचा डबा आला. मधली जागा रिकामी होती. आईने ओव्हन उघडला आणि डबा दोन्ही हातांनी धरून आणला.

केक आधी फुगला असावा, कारण डब्याच्या कडांना वरपर्यंत काळी रेघ होती. आता तो मधोमध खाली बसला होता. कडा काळ्या, चिवट. मध्ये खड्डा, आणि त्यात काहीतरी चकाकत होतं.

"मस्त रंग आलाय," धाकटा म्हणाला.

आईने सुरी घातली; सुरी चिकटली. तिने कसेबसे पाच तुकडे केले. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी आधी गोड तोंडात घातलं. तिघं भराभर चावत होती आणि एकमेकांची नजर टाळत होती. एका वाटीने इतकं होतं? प्रत्येकाच्या डोक्यात तेच, आणि प्रत्येकाला वाटत होतं, हे एकट्या माझंच पाप.

"छान झालाय, आई," ताई म्हणाली. ताईच म्हणाली.

"कड काय कुरकुरीत आहे!" धाकटा म्हणाला.

सून म्हणाली, "अजून घेऊ का मी?"

"अगं बाई!" मावशी घोटभर पाणी प्यायली. "साखरेचं पोतं उलटलंस की काय? दात गळून हातात येतील माझे."

आईने चमचा ताटाच्या कडेला ठेवला. ती रडली वगैरे नाही. नॅपकिनची घडी केली, पुन्हा उलगडली.

"बिघडला," ती म्हणाली. "दोनदा घातली असेन साखर. तीनदा सुद्धा. मला वाटलंच होतं, चमच्याला कचकच लागत होती. ताई, फोन कर त्यांना. शब्द दिलाय मी."

धाकट्याने तोंड उघडलं, पण बोलली ताई. जिने आता आरामात पाठ टेकून बसायचं, तीच उभी राहिली.

"तू नाही घातलीस. मी घातली. एक वाटी."

"तू?" धाकटा ओरडला. "तू कशाला? मी घातली!"

"तू कधी?"

"हात धुवायला गेलो तेव्हा."

"अहो..." सून खाली बघत म्हणाली. "मी पण. पाव ठेवायला गेले तेव्हा."

मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. "तिघांनी मिळून? काय, कारखाना काढायचा होता?"

"मिळून नाही, मावशी," ताई म्हणाली. "चोरून. आई साखर विसरली होती."

"कोण म्हणतं विसरली?"

"बरणी फळीवर होती. टेबलावर नव्हती."

"अरे माझ्या शहाण्यांनो!" मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "बरणी कशाला येईल टेबलावर? साखर दुधात असते! आमच्या आईची पद्धत. आमच्या लहानपणी साखर यायची ती गोणीतली. तिच्यात माती, मुंग्या, सुतळीचे धागे. आई पहाटे दूध तापवायची, त्यात साखर विरघळवायची आणि फडक्यातून गाळून गार करत ठेवायची. पुढे साखर सुधारली, पण आमचे हात काही सुधारले नाहीत. चहाच्या डब्यातून घ्यायची, दुधात घालायची. जन्मभर खाल्लात की रे हा केक! एकालाही माहीत नाही?"

तिघांनी टेबलाच्या टोकाला बघितलं. चहाच्या साखरेचा डबा तिथे होता, नेहमी असायचा तसाच. तो कुणी मोजलाच नव्हता.

"पातेलं चिकट होतं," सून पुटपुटली. "पहाटे मीच घासलं."

पहिला धाकटा हसला. मग मावशी. मग ताई, आणि ताई हसायला लागली की तिला ठसका लागायचा, तसा लागला. आईसुद्धा हसली, डोळ्याला नॅपकिन लावून. "चार वाट्या!" ती म्हणाली. "मेल्यांनो, चार वाट्या!" त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी असं हसलं नव्हतं.

"म्हणजे आईला जमलं होतं!" धाकट्याने टेबलावर थाप मारली. "केक नीटच होता, घाण आपण केली. ताई, फोन कर आणि सांग, खोली नको. काय गं? बोल ना तू तरी."

तो बायकोला म्हणत होता. ती बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावत होती, काढत होती.

"कर, ताई," तो पुन्हा म्हणाला.

ताईने खरंच फोन हातात घेतला. तिलाही तेच हवं होतं असं तिला त्या क्षणी वाटलं.

"थांब," आई म्हणाली. हसू अजून तिच्या तोंडावर होतं, पण ते विझत चाललं होतं. "मला दूध तापवल्याचं आठवत नाही."

"त्याने काय होतं? हाताला आठवलं ना."

"हाताला आठवलं. मला नाही. मी शेगडी पेटवली होती, एवढं आठवतं. बंद केली होती का?" तिने सगळ्यांकडे बघितलं आणि मग फक्त सुनेकडे. "पातेलं तू घासलंस ना? मग तुला माहीत असेल."

सुनेने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"खरं सांग. मी तुला चार कडा दिल्या होत्या, आठवतं? त्याची शपथ."

"बारीक चालू होती, आई," सून म्हणाली. "वर काही नव्हतं. मी बंद केली."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" धाकटा म्हणाला.

"तुम्हाला कधी काही सांगितलं तर ऐकता का तुम्ही?" तिचा आवाज चढला, आणि सगळे चमकले, कारण ह्या घरात तो कधी चढला नव्हता. "रोज कोण येतं इथे? मी येते. रोज घरी जाताना जीव मुठीत धरून जाते. रात्री फोन वाजला की मला वाटतं, झालं. मला त्या हव्यात हो! म्हणून तर साखर घातली. पण मला भीती वाटते."

ताईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"ओरडू नकोस तिला," आई मुलाला म्हणाली. तो ओरडत नव्हता, तरी. "तुझे बाबा लोकांच्या जळत्या घरांतून माणसं काढायचे. आल्यावर कपड्यांना तो वास असायचा, दोन दोनदा धुतले तरी जायचा नाही. त्यांच्या घरात, त्यांची पोरं झोपलेली असताना, मी... नाही रे. केकचं राहू दे. मी जाते. हे मी ठरवलंय, तुमच्यापैकी कुणी नाही. मी विसरले तर आठवण करा."

"आई, पण—"

"कर गं फोन, ताई."

ताई गॅलरीत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. ती फोनवर फार थोडं बोलली, मग बराच वेळ तशीच उभी राहिली.

मावशीने नाक शिंकरलं. "आता जेवायचं का? भुकेने जीव चाललाय माझा."

"गोड कुठे झालंय?" आई म्हणाली. "आधी गोड. उठा, दूध तापवा. आज बंदी नाही कुणाला."

मग त्या लहानशा स्वयंपाकघरात पाचही माणसं शिरली. सुनेने दूध तापवलं. धाकट्याने चहाच्या डब्यातून साखर मोजली आणि ती वाटी मावशीला, ताईला, बायकोला, सगळ्यांना दाखवून मगच दुधात सोडली. "एक. बघितलीत ना? एक." ताईने फडक्यातून दूध गाळलं, काही गाळण्यासारखं नव्हतं तरी. आई स्टुलावर बसून सांगत होती: लोणी एकाच दिशेने फेस, मैदा एकदम नको, सोडा शेवटी. शेगडी बंद केली ती सुनेने, आणि "बंद केली" असं मोठ्याने म्हणाली. बाहेर कोंबडी गार होत होती. धाकट्याने दोन बटाटे पळवले. मावशीने बघितलं आणि तिसरा स्वतः घेतला.

केक ओव्हनमध्ये होता तेवढ्या वेळात ताईने आईची बॅग भरली. गरम कपडे, औषधं, बाबांचा टोपी घातलेला फोटो. बॅग तिने दारापाशी ठेवली. धाकटा तिथून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याने बॅगेकडे बघितलं नाही.

ह्या वेळी केक जसा व्हायला हवा तसा झाला. वरून बदामी, मध्ये फुगलेला, संत्र्याचा वास जिन्यापर्यंत. सुनेने कापला. कडेचा पहिला तुकडा तिने सासूच्या ताटात ठेवला.

आईने सावकाश खाल्ला. डोळे मिटून खाल्ला, आणि तिचा चेहरा अगदी निवळला.

"छान झालाय," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून तिने हळूच विचारलं, "नीट झाला ना? म्हणजे मी इथेच राहणार आता."

मावशीने मान खाली घातली. ताईने सुनेचा हात धरला. उत्तर त्या दोघींपैकी कुणीही दिलं असतं, पण धाकट्याने आपली खुर्ची आईजवळ ओढली.

"नाही, आई. उद्या आपल्याला ताईकडे जायचंय. मी येतोय सोडायला."

"असं ठरलं?"

"हो."

"कुणी ठरवलं?"

त्याने तिच्या ताटातला चुरा बोटाने गोळा केला.

"तू."

आईने थोडा विचार केला. दारापाशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मी ठरवलं असेल तर बरोबरच असेल," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. "दे अजून एक. भोंगा व्हायच्या आत."